वशिंडाचा उतारा

यंदा माघात चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेतल्या एका कृष्णाकाठी जातीच्या वळूचा फोटो भावकीच्या ग्रुपवर आला आणि खाली कुणीतरी लिहिलं, ‘कर्नाटकची शान’. झालं! चिक्कोडीचे काका उसळले. जात सांगलीची, कर्नाटकाचा संबंध काय? रायबागच्या मामेभावानं कानडीतून ठणकावलं. मग सीमावादातलं 1956 निघालं, महाजन आयोग निघाला, 865 गावं निघाली, पाट्यांवर 60 टक्के कानडी हवं तो कायदाही निघाला. वळू किती दाती आहे, कुणाच्या दावणीचा आहे, हे एकानंही विचारलं नाही.

माझं डोकं फिरलं ते यानं. भांडणाऱ्यांपैकी एकाच्याही गोठ्यात बैल नाही. काकांच्या गोठ्यात बुलेट उभी असते आणि ठिबकच्या नळ्यांची वेटोळी पडलेली असतात. मामेभावाकडं दोन एचएफ गाई आहेत, त्यांची धार मशीन काढतं.

आणि जात कुणाची म्हणाल, तर ती मुळात भेसळीचीच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सांगलीच्या पटवर्धनांसारख्या संस्थानिकांनी गुजरातची गीर आणि कांकरेज, आंध्रची ओंगोल आणि आपली गावठी जनावरं यांचा मेळ घालून हा थोराड बैल उभा केला. कृष्णेच्या काळ्या चिकट रानात खोल नांगर ओढायला तसलंच धूड लागायचं. ट्रॅक्टर आला आणि त्याचं काम संपलं. खाणं मात्र तेवढंच राहिलं.

इकडं टेक्सासात, ह्यूस्टनच्या पश्चिमेला कोलंबसजवळ आमच्या डझनभर ब्रह्मन गाई आणि दोन घोड्या आहेत. ब्रह्मन ही अमेरिकेत घडवलेली जात, पण रक्त गीर, गुजरात (म्हणजे कांकरेज), नेल्लोर (म्हणजे ओंगोल) आणि कृष्णाकाठचं. शेजारच्या व्हॉर्टन काउंटीत पिअर्स रँचच्या बॉर्डननं 1906 साली थेट हिंदुस्थानातून जनावरं आणवली होती. म्हणजे ज्या वशिंडावरून गावात जुंपली आहे, त्याचा एखादा थेंब माझ्या कुंपणाच्या आत चरतो आहे. मी हे ग्रुपवर लिहिलं. काकांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं आणि परत महाजन आयोगावर गेले.

फेब्रुवारी-मार्च हा आमचा विण्याचा हंगाम. राउंड बेल, म्हणजे वाळल्या चाऱ्याचे गोल गठ्ठे, तळाला लागलेले असतात आणि रायग्रास अजून घोट्याएवढंच असतं. फीड ट्रकचा हॉर्न वाजला की साऱ्या गाई चिखल तुडवत येतात. न आलेली गाय शोधायची, कारण ती झुडपात व्यायला बसलेली असते. घोड्या हिवाळ्याचे केस टाकतात. खरारा फिरवला की मूठमूठ निघतात आणि पाखरं ते घरट्याला पळवतात. काळी गिधाडं कुंपणाच्या खांबांवर येऊन बसतात. ओल्या वासराच्या डोळ्यांवर त्यांचा डोळा असतो.

वाद रंगात आला त्या रात्री नॉर्दर, म्हणजे उत्तरेचा गारठून टाकणारा वारा, सुटला होता, वर पाऊस. एक पहिलारू व्याली. ब्रह्मनचं वासरू थंडीला फार नाजूक आणि जरा मंदच, आपणहून सडाला लागत नाही. त्यात तिचे सड असे तटतटून फुगलेले की त्या एवढ्याशा तोंडात मावेनात. पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नाही, तर रोगाशी झगडायचं बळ त्याला पुढं कितीही दूध पाजून येत नाही. शेजारचे चेक आडनावाचे म्हातारे आले, गाय च्यूटमध्ये, म्हणजे जनावर जखडायच्या पिंजऱ्यात, घातली आणि मी बाटलीभर चीक पिळून घेतला. वासराला लाँड्री रूममध्ये आणून हेअर ड्रायरनं सुकवलं. जीभ गार होती. गळ्यातून नळी घालून चीक सोडला. अर्ध्या तासानं त्यानं माझं बोट ओढलं, तेव्हा खिशातला फोन गुरगुरत होता : ‘मराठी माणूस गप्प बसणार नाही.’

इथं जनावर कुणाचं याचं उत्तर त्याच्या मांडीवर डागलेलं असतं. दर दहा वर्षांनी काउंटी क्लार्ककडं ब्रँडची नोंद नवी करायची, विषय संपला. हद्दीच्या कटकटी इथंही आहेतच. मेक्सिकोच्या हद्दीवरच्या रिओ ग्रांदे नदीच्या काठानं सरकारी माणसं घोड्यावरून गोचिडाची जनावरं हुडकत फिरतात आणि 2025 मध्ये तर स्क्रूवर्म या जखमेत पडणाऱ्या अळीच्या भीतीनं मेक्सिकोची गुरं पलीकडंच अडवली. पण तंटा किड्याचा असतो, गुराच्या मातृभाषेचा नसतो.

असं लिहायला बरं वाटतं. पण बैल का गेला हे मलाही कळतं. म्हातारा बैल विकायचा कुठं? महाराष्ट्रानं 2015 मध्ये कत्तलखान्याची वाट बंद केली, कर्नाटकानं 2020 च्या कायद्यानं. ज्या दोन सरकारांचं एका गावावर जमत नाही, त्यांचं इथं जमलं. तो कायदा बरा की वाईट यात मी पडत नाही, पडायचा मला तोंडही नाही. माझे गोऱ्हे सहा-सात महिन्यांचे झाले की ऑक्शन बार्नला जातात. पुढं काय होतं ते ठाऊक आहे. ट्रेलर निघताना मी घरातच असते. आप्पांना फोनवर सांगते, ‘चांगल्या घरी दिली.’

आणि आमच्या गाई तरी कशासाठी? ॲग व्हॅल्युएशनसाठी, म्हणजे शेतजमीन म्हणून कमी कर लागावा यासाठी. जमिनीवर गुरं चरली नाहीत तर प्रॉपर्टी टॅक्स कंबरडं मोडतो. नवरा रोज ह्यूस्टनला ऑफिसात जातो; खरं काम शेजारचे म्हातारे करतात आणि मी त्यांच्या हाताखाली शिकते. पहिली दोन वर्षं गाईंकडं मी टॅक्सची पावती म्हणूनच बघत होते. आता तसं राहिलं नाही, एवढं म्हणते. त्यापुढचं म्हणायला अजून दहा-बारा वेत बघावे लागतील.

माझं हे सगळं शहाणपण लेकानं मार्चमध्येच उतरवलं. काउंटीच्या स्टॉक शोमध्ये त्याची ब्रह्मन कालवड होती. पोस्टरवर जातीचं मूळ म्हणून त्यानं लिहिलं, ‘टेक्सास’. मी खवळले. म्हटलं, खोड ते. कृष्णाकाठ लिही, आपल्या गावाकडचं रक्त आहे तिच्यात.

‘कृष्णाकाठ म्हणजे महाराष्ट्र की कर्नाटक?’

मराठी मंडळात गेलं की ‘बेळगाव म्हणजे कर्नाटक ना?’ असं ऐकायचं, कन्नड संघाच्या जेवणाला गेलं की आडनाव ऐकून ‘ओह, मराठी’. दोन्हीकडं हसून सोडून द्यायची सवय झाली आहे. नदी दोन्हीकडून वाहते, एवढं सांगितलं असतं तरी पोराला पुरलं असतं.

पण तोंडातून निघालं, ‘सांगलीच्या पटवर्धनांची जात ती. महाराष्ट्र लिही.’

‘पण तुझ्या पासपोर्टवर तर जन्म कर्नाटकात आहे.’

म्हटलं, ‘त्याचं वेगळं आहे. ते 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे.’