'एआयच्या हाती माउस देऊ नका' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा थोडी दुखावले, तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर माझाच मूळ लेख उघडून बसले. खाली दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण तुम्ही इतक्या मनापासून लिहिलंत, की तितक्याच मनापासून उत्तर देणं मला भाग आहे.

ज्यांनी ती चर्चा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमची शेतकरी उत्पादक कंपनी निफाड तालुक्यात आहे. रोज संध्याकाळी पाच बाजार समित्यांचे कांद्याचे भाव वेबसाइटवरून उतरवून घेणं, व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप निरोपांतले भाव तक्त्यात भरणं आणि खरेदीच्या हंगामात शेतकऱ्यांची माहिती एका पोर्टलवर चढवणं ही ब्राउझरमधली कामं माझ्याकडे असतात. ती घरच्या लॅपटॉपवर, फुकट किंवा स्वस्त एआय साधनांनी कशी करून घ्यावीत, हे मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप असे: बँकेच्या संगणक विभागातल्या तीस वर्षांत जे काम दर वेळी एकसारखं होत नाही त्याला आम्ही 'झालं' म्हणत नव्हतो, मग अंदाजाने क्लिक करणाऱ्या मॉडेलवर हिशेब कसा सोपवायचा? हे सगळं सेलेनियम हे ब्राउझर आपोआप चालवणारं साधन २००४ पासून करतंय, त्यात एआय कशाला? 'लोकल म्हणजे सुरक्षित', म्हणजे मॉडेल आपल्याच संगणकावर चाललं की धोका नाही, हे वाक्य दिशाभूल करणारं आहे. उद्या हेच वापरून लोक तत्काळ तिकिटं काढतील. आणि ज्यांचं पोट या कामावर आहे त्यांनी काय करायचं?

पहिल्या आक्षेपापासूनच सुरुवात करते, कारण तो मला सगळ्यात जास्त पटला.

मूळ लेखात मी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या होत्या. एक म्हणजे एजंट: त्याला 'लासलगावचा आजचा भाव काढून तक्त्यात भर' असं मराठीत सांगायचं, मग तो पान बघतो, विचार करतो, क्लिक करतो, परत पान बघतो. दुसरी म्हणजे स्क्रिप्ट: तिच्यात प्रत्येक पायरी आधीच लिहिलेली असते आणि चालताना ती कुणाला काही विचारत नाही. तुमचा राग पहिल्या प्रकारावर आहे आणि तो योग्य आहे. साधं गणित मांडते. एजंट प्रत्येक पायरी ९५ टक्के वेळा बरोबर करतो असं धरा. वीस पायऱ्यांचं काम सलग बरोबर पार पडण्याची शक्यता उरते जेमतेम ३६ टक्के. पायरीगणिक अचूकता ९९ टक्क्यांवर नेली तरी ८२ टक्केच. म्हणजे पाच दिवसांतला जवळजवळ एक दिवस चुकीचा. भावाच्या तक्त्यात हे चालणार नाही.

आणि चूक कोणत्या प्रकारची होते, ते मी स्वतः भोगलंय. मूळ लेखात मी हे लिहिलं नव्हतं, लिहायला हवं होतं. सुरुवातीचे दोन आठवडे मी एजंटच चालवत होते. एके दिवशी पाचपैकी एका समितीत लिलाव बंद होता, त्यामुळे त्या दिवसाची ओळ पानावर नव्हतीच. एजंटला सांगितलेलं होतं 'आजचा भाव भर'. त्याने आदल्या दिवसाची ओळ उचलली आणि आजच्या तारखेखाली भरून टाकली. पडद्यावर हिरवी खूण, काम पूर्ण. दोन दिवस कुणाच्याच लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याने विचारलं, "ताई, त्या दिवशी लिलावच नव्हता, मग भाव कुठून आला?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या आकड्याकडे बघून कुणी ट्रॅक्टर भरायचा की थांबायचं ते ठरवतं, सर. न भरलेला रकाना परवडला, खोटा भरलेला नाही.

स्क्रिप्ट अशा वेळी अडते. तिला तारीख जुळली नाही की ती तिथेच थांबते आणि लाल अक्षरांत सांगते. हा तिचा गुण आहे.

मग एआय कशाला, हा तुमचा दुसरा प्रश्न. सेलेनियमबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे, आणि त्यानंतरही बरंच काही आलं. २०१७ मध्ये गूगलचं पपेटियर हे तसंच साधन, मग त्यावर काम केलेली मंडळी मायक्रोसॉफ्टमध्ये गेली आणि २०२० मध्ये प्लेराइट आलं. मी प्लेराइट वापरते. त्यात एक रेकॉर्डरही आहे: तुम्ही ब्राउझरमध्ये नेहमीसारखं काम करायचं, शेजारच्या खिडकीत त्याचा कोड आपोआप लिहिला जातो. त्यात एआयचा संबंध नाही. पण तो कोड असतो एका समितीचा, एका तारखेचा. त्याला पाच समित्यांवर फिरवायचं, तारीख रोजची घ्यायची, ओळ सापडली नाही तर थांबायचं, निकाल फाइलमध्ये साठवायचा, हे मला येत नव्हतं. मी वाणिज्य शाखेची. तुमच्यासारख्याला हे अर्ध्या तासाचं काम, माझ्यासाठी ती भिंत होती. रेकॉर्ड केलेला कोड मी फुकटच्या एआय चॅटमध्ये टाकला, काय हवं ते मराठीत सांगितलं, चुकलं ते परत दाखवलं. तीन संध्याकाळी लागल्या. आता ती स्क्रिप्ट रोज सात वाजता विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून चालते आणि तिच्यात एआयचा एक थेंबही नाही. मॉडेल लिहिताना हवं होतं, चालवताना नको. मूळ लेखात हे एक वाक्य असतं, तर तुमची निम्मी प्रतिक्रिया लिहायची वेळच आली नसती.

(जिथे सरकारी एपीआय (प्रोग्रामला थेट माहिती देणारी सोय) आहे तिथे ब्राउझरच्या वाटेला जाऊच नये, हेही तुमचं बरोबर. बाजारभावांसाठी डेटा डॉट जीओव्ही डॉट इन वर तो आहे, ज्यांना जमेल त्यांनी तोच घ्यावा.)

रोजच्या कामात मॉडेल मी एकाच ठिकाणी ठेवलंय: व्यापाऱ्यांचे निरोप वाचायला. 'उन्हाळी १४५० ते १८२५ गेला, गोल्टी ९००, उद्या गाड्या कमी', असा एक निरोप. दुसऱ्याचा फक्त '१८ ला हात लावला'. हे कुठल्या सूत्रात बसवणार? इथे भाषा समजण्याची गरज आहे. त्यासाठी ओलामा या, घरच्या संगणकावर मॉडेल चालवणाऱ्या साधनात क्वेन २.५ चं सात अब्ज पॅरामीटरचं, म्हणजे तसं छोटंच, मॉडेल चालवते. आवळून लहान केलेली फाइल ४.७ जीबीची. लॅपटॉप जुना, १६ जीबी रॅमचा, ग्राफिक्स कार्ड नाही. तीस निरोपांना दहा-बारा मिनिटं लागतात. तेवढ्यात चहा होतो, घाई कुणाला आहे? 'लाखाचं मशीन लागतं' असं म्हणतात, ते एजंट चालवणाऱ्यासाठी खरं, या कामासाठी नाही. तयार एजंट विकत घ्यायचा तर ओपनएआयचा ऑपरेटर हा ब्राउझर चालवणारा एजंट जानेवारी २०२५ मध्ये आला तेव्हा तो महिना २०० डॉलरच्या योजनेतच मिळत होता. आमच्या कंपनीच्या कार्यालयाला ते कधीच परवडलं नसतं.

इथे मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मॉडेल मजकुराचे तुकडे करून वाचतं, त्यांना टोकन म्हणतात. देवनागरी मजकुराचे तुकडे इंग्रजीपेक्षा बरेच जास्त पडतात. म्हणजे तेवढाच निरोप मराठीत असला की वेळ जास्त लागतो आणि जागाही जास्त व्यापतो. एका वेळी किती मजकूर वाचायचा याची ओलामातली मूळ मर्यादा बरेच दिवस २०४८ टोकनांची होती, पुढे ४०९६ झाली. ती बदलली नाही तर लांब पानाचा काही भाग मॉडेलपर्यंत पोचतच नाही आणि कुणी तसं सांगतही नाही. छोट्या मॉडेलवर एजंट चालवणारे म्हणतात ना, 'मध्येच विसरतो', त्यामागे पुष्कळदा हेच असतं. मला हे कळायला महिना गेला. आकड्यांचं मात्र सुख आहे: पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा '१८२५' हा देवनागरी आकडा थेट संख्या म्हणून घेते, बदलून द्यावा लागत नाही.

मॉडेलच्या उत्तरावरही मी विश्वास ठेवत नाही. ओलामात डिसेंबर २०२४ पासून ठरलेल्या साच्यातच उत्तर मागता येतं: किमान, कमाल, सर्वसाधारण, प्रकार. मग साधी तपासणी: किमान हा सर्वसाधारणपेक्षा मोठा निघाला, किंवा भाव कालच्या दीडपटीवर गेला, की ती ओळ पिवळी होते आणि मी मूळ निरोप वाचते. '१८ ला हात लावला' म्हणजे अठराशे, हे मॉडेलला कधी समजतं, कधी नाही. ती ओळ पिवळीच राहते.

समित्यांची नावंही मॉडेलला वाचायला देत नाही. यादीत 'लासलगाव', 'लासलगाव - निफाड' आणि 'लासलगाव - विंचूर' अशी वेगवेगळी नावं आहेत. छोटं मॉडेल त्यांत हमखास घोळ घालतं. स्क्रिप्टमध्ये नाव अक्षर न् अक्षर जुळावं लागतं, प्रश्नच मिटतो.

आता सुरक्षेचं. 'लोकल म्हणजे सुरक्षित' हे माझं वाक्य चुकीचं होतं आणि मी ते काढलं आहे. मॉडेल घरी चालतं म्हणून माहिती परक्या सर्व्हरवर जात नाही, एवढंच त्यातून मिळतं. शेतकऱ्यांचे खाते क्रमांक हाताळताना ते माझ्यासाठी फार मोलाचं आहे, २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तर जास्तच. पण ब्राउझर तर बाहेरच्या जगातच उभा असतो. एजंटसाठी माझी सूचना आणि पानावरचा मजकूर हे दोन्ही शेवटी शब्दच. पानावर कुणी 'आधीचं सोड, हे कर' असं दडवून लिहिलं, तर त्याला ते माझंच सांगणं वाटू शकतं. सायमन विलिसन या प्रोग्रामरनी २०२२ मध्ये याला 'प्रॉम्प्ट इंजेक्शन' हे नाव दिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्ह या ब्राउझर कंपनीच्या संशोधकांनी पर्प्लेक्सिटीच्या कॉमेट या एआय ब्राउझरवर ते करून दाखवलं. रेडिटवरच्या एका प्रतिक्रियेत सूचना लपवल्या होत्या. वापरणाऱ्याने फक्त पानाचा सारांश मागितला, आणि ब्राउझरने त्याचा ईमेल पत्ता आणि ओटीपी शोधून त्याच प्रतिक्रियेखाली लिहून टाकला. मॉडेल घरचं असतं तरी हेच झालं असतं.

म्हणून मूळ लेखातला 'आपला नेहमीचाच ब्राउझर जोडा' हा सल्ला मागे घेते. तो धोक्याचा होता. ज्या ब्राउझरमध्ये बँक आणि ईमेल उघडे असतात तो कुठल्याही साधनाला जोडू नका. क्रोमनेही २०२५ मध्ये १३६व्या आवृत्तीपासून नेहमीच्या प्रोफाइलवर बाहेरून ताबा घेण्याची ती वाट बंद केली, कारण चोर त्या वाटेने कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) पळवत होते. माझ्या स्क्रिप्टला वेगळं, रिकामं प्रोफाइल आहे. खरेदीच्या पोर्टलवर लॉगिन मी हाताने करते, ओटीपी मी टाकते. स्क्रिप्ट रकाने भरते आणि थांबते. सातबाऱ्यावरचं नाव आणि खाते क्रमांक डोळ्यांनी जुळवल्यावर 'सादर करा' मी दाबते. दर अर्जाला वाचतो तो टायपिंगचा वेळ, तपासण्याचा नाही. तो वाचवायचाही नाही.

तत्काळ तिकिटांबद्दल माझं उत्तर सरळ नाही असं आहे. त्या लेखानंतर दोघांनी ईमेलने तशी स्क्रिप्ट मागितली, दोघांनाही नकार दिला. रांगेतल्या बाकीच्यांच्या पुढे घुसायला यंत्र वापरणं हे काम वाचवणं नाही. कॅप्चा दिसला की माझी स्क्रिप्ट थांबून मला हाक मारते. त्या साइटला समोर माणूस हवाय, तर माणसानेच जावं. भावाची पाच पानं दिवसातून एकदा, दोन पानांमध्ये काही सेकंद सोडून उघडते. मी हाताने उघडली असती त्यापेक्षा जास्त भार त्या साइटवर पडत नाही.

नोकऱ्यांबद्दल मोठं बोलायची माझी पात्रता नाही. आमच्याकडे हे काम मीच करत होते, रोज दीड तास, तीन वर्षं. आता त्या वेळात मी शेतकऱ्यांना फोन करून माल कसा आहे, चाळीत सड किती निघाली, ते विचारते. तक्त्यात पूर्वी हा रकानाच नव्हता. पण ज्या कार्यालयात केवळ नोंदी करायला माणूस ठेवलेला आहे तिथे काय होईल, याची मलाही तुमच्याइतकीच काळजी आहे.

शेवटी तुमच्याकडून उचललेली एक गोष्ट. तुम्ही ओघात लिहिलंत की बँकेत प्रत्येक गठ्ठ्याबरोबर नोंदींची संख्या आणि रकमेची बेरीज वेगळी लिहून ठेवत, आणि ती जुळल्याशिवाय दिवस बंद होत नसे. काल रात्री तेच माझ्या स्क्रिप्टमध्ये घातलं. पानावर किती ओळी होत्या, तक्त्यात किती गेल्या, आवकेची बेरीज दोन्हीकडे किती. जुळलं नाही तर शेतकऱ्यांच्या गटावर त्या दिवशीचा तक्ता जात नाही, मी बघेपर्यंत अडून राहतो. एक अडचण आहे: साइटवर रात्री उशिरा एखादी ओळ वाढते किंवा दुरुस्त होते, मग दुसऱ्या दिवशी जुनी बेरीज जुळत नाही. तुमच्याकडे गठ्ठा बंद झाल्यावर आलेली दुरुस्ती कुठे नोंदवत असत? त्याच गठ्ठ्यात बदल करून, की दुसऱ्या दिवशी वेगळी नोंद म्हणून? हे सांगाल तर रविवारी मी तेवढा भाग नव्याने लिहून घेईन आणि आठवडाभराच्या बेरजा इथेच खाली टाकेन.