बॅक्टेरियाच्या रंगाचा कुर्ता १००% यूव्ही अडवतो म्हणे! मावशीच्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात मावशीने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, आणि दोन दिवसांत तोच मला अजून तीन ग्रुपवर दिसला, त्यातला एक तर सोसायटीच्या पाण्याच्या वेळा टाकायचा ग्रुप. सार असं की शास्त्रज्ञांनी बॅक्टेरियात जनुकं घालून एक नैसर्गिक अर्क काढलाय, त्यात रंगवलेलं कापड १००% यूव्ही (उन्हातले अतिनील किरण) अडवतं, ९९.९% जंतू मारतं, कितीही धुवा गुण जात नाही, आणि नैसर्गिक असल्यामुळे केमिकल शून्य, साइड इफेक्ट शून्य. खाली जांभळ्या कुर्त्याचा फोटो. मावशीचा प्रश्न एकच, घेऊ का रे?

मी इचलकरंजीत एका प्रोसेस हाउसच्या, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याच्या, लॅबमध्ये असतो, शेड मॅचिंग आणि फास्टनेस (रंग किती टिकतो ते) हेच दिवसभर चालतं, म्हणून "बघून सांगतो" म्हणालो आणि मग लिहायलाच बसलो.

सगळं थापा नाहीये, हे आधी सांगतो. जांभळा रंग बहुतेक व्हायोलासीन असणार, क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेशियम नावाचा बॅक्टेरिया तो ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून बनवतो, त्याला पाच जनुकं लागतात, ती उचलून ई. कोलाय या लॅबमधल्या नेहमीच्या बॅक्टेरियात घातली की तोही जांभळा होतो. लाल हवा असेल तर प्रोडिजिओसिन, सेराशिया मार्सेसेन्स या दुसऱ्या बॅक्टेरियाचा. (हाच तो, १८१९ मध्ये इटलीत पदुआजवळ लोकांच्या पोलेंटावर (मक्याची लापशी) रक्तासारखे डाग उठले, गावात हाहाकार, शेवटी बार्तोलोमेओ बिझिओ नावाच्या औषधशास्त्रज्ञाने दाखवलं की हा सूक्ष्मजीवाचा उद्योग आहे.) इंग्लंडमधली कलरिफिक्स कंपनी तर असे बदललेले सूक्ष्मजीव वापरून कापड रंगवते, पण त्यामागचा हिशोब पाणी आणि केमिकल कमी लागावं हा आहे, कापडाचं चिलखत करणं हा नाही.

आता १००% यूव्ही. कापड यूव्ही किती अडवतं त्याचा आकडा म्हणजे यूपीएफ, तो मोजतात, ५० म्हणजे पन्नासातला एक भाग आत येतो, म्हणजे २%. लेबलवर सगळ्यात वरचा आकडा ५०+ असतो, १००% असा प्रकारच नाही, हा शब्द लिहिणाऱ्याने टेस्ट रिपोर्ट कधी हातात धरलेला नाही एवढं कळतं. पण खरी गंमत पुढे आहे. व्हायोलासीन सगळ्यात जास्त प्रकाश शोषतं ते साधारण ५७५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, म्हणून तर ते जांभळं दिसतं, आणि यूव्ही असतं ४०० च्या खाली. म्हणजे ज्या रंगाचं कौतुक चाललंय त्याचा मुख्य जोर यूव्हीवर नाहीच, थोडंफार तिकडेही शोषतं, पण तसं तर कुठलाही गडद डाय शोषतो. पातळ पांढऱ्या सुती कापडाचा यूपीएफ पाच-सातच्या आसपास येतो, ओलं झालं की अजून खाली, आणि साध्या गडद निळ्या जीन्सचा ५० च्या कितीतरी पुढे, तिथे कुठला बॅक्टेरिया आला? काम करतात दाट वीण आणि गडद शेड, आणि नाव होतं अर्काचं, आयत्या बिळावर नागोबा. मला पटवायचं असेल तर त्याच कापडावर त्याच गडदपणाचा साधा रिॲक्टिव्ह डाय (सुताचा नेहमीचा रंग) मारून दोन्हींचा यूपीएफ शेजारी ठेवा. जाहिरातीत तुलना नेहमी कोऱ्या पांढऱ्या कापडाशी असते. का ते ओळखा.

यूव्ही खरंच अडवणारे रेणू सूक्ष्मजीवांकडे आहेत, ते लपवायचं नाही मला. मायकोस्पोरिनसारखी अमिनो आम्लं, त्यातलं शिनोरिन ३३४ नॅनोमीटरला शोषतं, म्हणजे बरोब्बर यूव्हीए या यूव्हीच्या पट्ट्यामध्ये. पण ही मंडळी पाण्यात विरघळतात, क्रीममध्ये ठीक, कापडाला नुसती लावली तर पहिल्या बादलीत निघून जातील. मेलॅनिन आहे, आपल्या कातडीत असतं तेच, ते यूव्ही जोरदार शोषतं, पण मग कुर्ता तपकिरी-काळा, फोटोतला जांभळा नाही.

लोणार आठवतंय? जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं, सगळ्यांच्या स्टेटसला फोटो, मग पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं तर खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया निघाले. त्यांचा रंग त्यांना कडक उन्हात सांभाळतो हे खरं. पण ते जीव खाली बसल्यावर पाणी परत स्वच्छ दिसायला लागलं. सगळ्या फॉरवर्डची मेख इथेच आहे, एका पेशीला जे वाचवतं ते दोन मीटर कापडावर पसरलं की आपल्यालाही वाचवेल असं धरून चालायचं, आणि मध्ये रंग किती बसला, किती धुतला, किती उडाला हे कोणी विचारायचं नाही.

९९.९% जंतू. आकडा ऐकायला भारी, एक लाखातले शंभर उरतात असा अर्थ. आयएसओ २०७४३ या कापडाच्या जंतुनाशक टेस्टमध्ये कापडाच्या तुकड्यावर बॅक्टेरियाचं पाणी टाकून ३७ डिग्रीला १८ ते २४ तास ठेवतात, म्हणजे बसमध्ये कोणी शिंकलं आणि कुर्त्याने लगेच मारलं असं काही होत नाही. आणि कोणते जंतू? बॅक्टेरियाचे आवरणावरून दोन मोठे गट पडतात, ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह. व्हायोलासीन स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्हवर चांगलं चालतं, ई. कोलाय, क्लेब्सिएला अशा ग्रॅम-निगेटिव्हवर फार कमी, त्यांचं बाहेरचं आवरण त्याला आत येऊ देत नाही. घामाच्या वासामागे बरेचसे ग्रॅम-पॉझिटिव्ह असतात, त्यामुळे "वास कमी येतो" म्हणाले असते तर मी मान डोलावली असती. फॉरवर्डमध्ये कोविडचं नावही कोणीतरी घुसडलंय, व्हायरसची टेस्ट पूर्ण वेगळी असते.

कितीही धुवा. इथे माझ्याकडे ऐकीव नाही, हातातलं आहे. एका मित्राने कॉलेजच्या लॅबमधून प्रोडिजिओसिनने रंगवलेला सिल्कचा तुकडा आणून दिला होता, मस्त गुलाबी-लाल. अर्धा काळ्या कागदाने झाकला आणि एप्रिलच्या उन्हात खिडकीला चिकटवला. चौथ्या दिवशी कागद काढला तर मध्ये पट्टीने आखल्यासारखी रेघ, एक बाजू लाल, दुसरी धुतलेल्या विड्याच्या पानाच्या डागासारखी. म्हणजे उन्हापासून वाचवणारा रंग स्वतःच उन्हाने उडतो! मग झाकलेल्या भागाचा कोपरा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवला, तर तो केशरी-पिवळा पडला, लिंबू पिळलं की परत गुलाबी. हळदीचा डाग साबण लागल्यावर लाल होतो ना, तोच खेळ उलटा. पाण्यात हे रंग विरघळत नाहीत त्यामुळे सिल्क, लोकर, नायलॉनवर बरे टिकतात, सुतावर कमी चढतात, पण आपली पावडर अल्कली असते आणि आपण कपडे गच्चीवर उन्हात वाळवतो, दोन्हीकडून मार. रंगच उरला नाही तर गुण कुठे चिकटून राहणार?

शून्य केमिकलवर फार बोलत नाही. पेशीतून रंग काढायला बहुतेक वेळा मिथेनॉल, इथेनॉल नाहीतर ॲसिटोन लागतं. आणि जो पदार्थ जंतू मारतो तो पेशीला त्रास देणाराच असतो, हे दोन्ही रंग कॅन्सरच्या पेशी मारतात का म्हणून लॅबमध्ये तपासले जातात, मग "नैसर्गिक आहे, काही होत नाही" कशाच्या जोरावर? कातडीवर चालतं का याचा वेगळा रिपोर्ट मागायचा, बस. सेराशिया तर हॉस्पिटलमध्ये इन्फेक्शन करणारा जीव, म्हणून उलट त्याची जनुकं दुसऱ्या निरुपद्रवी जीवात घालून रंग काढणं जास्त बरं.

यावरून सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी दुसरं टोक गाठलं, "हे जीएमओ (जनुकं बदललेला जीव) आहे, जीन्स म्हणजे जनुकं अंगात शिरतील". काका, कापडावर रंगाचा रेणू येतो, बॅक्टेरिया उष्णतेने आधीच मेलेले असतात. असल्याच बदललेल्या ई. कोलायमधलं इन्सुलिन १९८२ साली अमेरिकेत मंजूर झालं, आणि तुमच्या जीन्स पँटच्या बायोवॉशमधलं (कापड मऊ करायची धुलाई) सेल्युलेज हे एन्झाइमही सूक्ष्मजीवांकडूनच येतं.

मावशीला काल फोनवर सांगितलं, अगं, रंग आवडला असेल तर घे, जांभळा तुला खुलून दिसतो. वेगळा धू, सोडा नको, सावलीत वाळव. आणि दुपारी भाजीला जाताना तुझी ती जुनी छत्री घे. ती म्हणाली, छत्री तर काळीच आहे माझी. म्हटलं, तेच तर.