कमावत्या बायकोच्या नवऱ्यास हिताचे चार शब्द

अभिनंदन! तुमची बायको नोकरी करते आणि तिच्या पगाराला तुम्ही हातही लावत नाही. हे तुम्ही दर सणावाराला, विशेषतः सासरेबुवा समोर असताना सांगता, ते उत्तम करता. हात लावायची गरजच नसते. पगार कुठं खर्च व्हावा एवढं ठरवून दिलं की पुरतं.

घरखर्चाची वाटणी नवलाई ओसरायच्या आत करून घ्या. अगदी निम्मी-निम्मी, समानतेत तडजोड नको. फ्लॅटचा हप्ता तुम्ही घ्या. एवढा बोजा बाईमाणसावर टाकणं बरं दिसत नाही. पीपीएफ, एसआयपी ही कटकटही तुमच्याच खात्यातून जाऊ द्या. तिच्याकडे हलकंफुलकं ठेवा: वाणसामान, दूध, गॅस, शाळेची फी, कामवाल्या मावशींचा पगार, तुमच्या आईच्या बीपीच्या गोळ्या, लग्नामुंजीचे आहेर. महिनाअखेरीस एक्सेलमध्ये दोन्हीकडची बेरीज सारखी आलेली तिला दाखवा. वीस वर्षांनी तुमच्या पैशांचा टू बीएचके झालेला असेल आणि तिच्या पैशांचं वरण. खर्च दोघांनीही घरासाठीच केला. फक्त वरणाची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होत नाही.

तिने विचारलंच, तर 'अगं, सगळं आपलंच आहे' म्हणा. सातबाऱ्यावर किंवा खरेदीखतावर 'आपलं' नावाचा मालक आजवर कुणी पाहिलेला नाही, पण कानाला बरं वाटतं. उद्या काडीमोडाची वेळ आली तर तिला पोटगी मागता येईल, निम्मं घर मात्र आपोआप तिचं होत नाही. पोटगीच्या वेळी 'ती कमावती आहे' हे कोर्टाला सांगायला विसरू नका. तिच्या नोकरीचा अभिमान बाळगायची ती खरी जागा.

गोव्यातल्या नवऱ्यांना ही चैन नाही. पोर्तुगीज 1961 मध्ये गेले आणि आपला 1867 चा दिवाणी कायदा मागे ठेवून गेले. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर तिथं नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी तिची. तिच्या सहीशिवाय घर विकताही येत नाही. एवढं असून तिथला माणूस सुशेगाद राहतो कसा, देव जाणे.

आपल्या सरकारनेही मध्येच एक खोडी काढली आहे. महाराष्ट्रात 2021 पासून राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. म्हणजे 80 लाखांच्या फ्लॅटवर 80 हजार वाचतात. एजंट हे डोळा मारून सांगेल. बधू नका. कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करणारे तुम्ही, इथं मात्र 80 हजारांवर हसत पाणी सोडा. कर्जाला सहकर्जदार म्हणून तिला जरूर घ्या, तिच्या पगारामुळे कर्ज जास्त मिळतं. खरेदीखतावर नाव नसलं तरी हप्ता थकला की बँक तिलाही तितक्याच आपुलकीने फोन करते.

तिच्या खात्याला मोबाइल नंबर तुमचा जोडा. 'तुला कुठं त्या बँकेच्या भानगडी' एवढ्यावर काम होतं. मग ती दुकानाच्या काउंटरवरून फोन करेल.

'अरे, ओटीपी आला का?'

'कशाचा?'

'चपलांचा.'

'परत चपला?'

मागे रांगेतले चार जण ताटकळत असतात, त्यामुळे ती वाद घालत नाही. आकडा सांगून टाका. नाही तरी तुम्ही कधी नाही म्हणता?

पाडव्याला ओवाळल्यावर साडी द्या. पैसे कुठल्या खात्यातून गेले, ते तबकात दिसत नाही.

बायकोच्या हक्कांसाठी छातीचा कोट करून उभं राहायची एक जागा आहे: तिचं माहेर. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः वाटा महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, सगळ्या देशात तो 2005 मध्ये आला. मेहुणा हक्कसोडपत्र घेऊन आला की तुमच्यातला समाजसुधारक जागा झाला पाहिजे. 'ताई, फक्त सही कर' असं म्हणणाऱ्या भावाला स्त्री-पुरुष समानता तुम्हीच समजावा. तुमच्या स्वतःच्या बहिणीचा विषय निघाला तर चहाचा आग्रह करा.

कायदा शेवटपर्यंत तुमच्या घराण्याला धरून आहे. मूलबाळ नाही, तुम्ही आधी गेलात आणि ती मृत्युपत्र न करता गेली, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तिची कमाई तिच्या आईच्या आधी तुमच्या नातलगांकडे जाते. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या एका बाईला सासरच्यांनी घराबाहेर काढलं होतं. माहेरच्यांनी शिकवलं, तिने नोकरी केली, भविष्य निर्वाह निधी जमवला. ती गेल्यावर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा पैसा त्याच सासरच्या वारसांना दिला.

तेव्हा घरात मृत्युपत्राचा विषय निघू देऊ नका. तिनेच काढला तर 'दिवेलागणीला काय अशुभ बोलतेस' म्हणा आणि गॅसचं बिल भरलं का ते विचारा.