ओल कुठून येते ते आधी बघा

‘दुरुस्तीचा खर्च नव्या बांधकामाच्या निम्म्यावर गेला की घर पाडून नवंच बांधावं’ हा जुन्या घरांवरच्या लेखातला हिशोब मला पटला नाही. आमचं राजापूरकडचं घर याच हिशोबाने पाडायला निघालो होतो. माजघराच्या भिंती कमरेपर्यंत ओल्या, गिलाव्याचे पोपडे हाताने निघायचे. इंजिनिअर म्हणाले, भिंती गेल्या. गावातल्या एका वयस्कर गवंडीकाकांनी मात्र आधी गिलावा फोडून बघायला लावला. आतला चिरा, म्हणजे जांभा दगड, ठणठणीत होता! वीसेक वर्षांपूर्वी हौसेने केलेल्या सिमेंटच्या गिलाव्याने ओल आत कोंडली होती, आणि पागोळ्यांचं पाणी थेट जोत्याशी मुरत होतं. सिमेंट काढलं, चुन्याचा गिलावा केला, मागे चर खणून पाणी उताराला काढून दिलं. दुसऱ्या पावसाळ्यात भिंती कोरड्या. छपराचे वाळवी लागलेले वासे आणि रिपा बदलाव्या लागल्या, पण सागवानी आढं तसंच आहे. तसं लाकूड आज विकत घ्यायला गेलं तर खर्चाचा सगळा हिशोबच बदलतो.

आणखी एक, लेखात राहून गेलेलं: पाडलं की नवं बांधकाम आजच्या नियमांत बसवावं लागतं. आमची पडवी पाखाडीला, म्हणजे गावातल्या दगडी पायवाटेला, लागून आहे. सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासूनची मोकळी जागा, सोडलं असतं तर ती गेलीच असती. पायाच खचला असेल तर पाडा, माझं काही म्हणणं नाही. पण निदान एक पावसाळा घरात राहून पाणी कुठून येतंय ते बघा, मग ठरवा.