गाडी अडवली म्हणून पिस्तूल काढता येत नाही

‘रस्त्यात कुणी गाडी अडवली, काचेवर हात मारला, तर परवानाधारकाने पिस्तूल रोखलं तरी नव्या कायद्यात गुन्हा नाही’ हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर मीच परवा ढकलला होता. तो चुकीचा आहे. नंतर कायद्याची कलमं उघडून वाचली, जे आधी करायला हवं होतं.

भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. स्वसंरक्षणाची कलमं 34 ते 44. यात नवं फारसं काही नाही. 1860 च्या दंड संहितेतलाच मजकूर, आकडे बदललेले. जिवावर बेतेल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल, तरच कलम 38 समोरच्याचा जीव जाईपर्यंत बचाव करू देतं. अपहरण, बलात्कार, अ‍ॅसिडहल्ला हेही त्यात आहेत. कलम 37 सांगतं, पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच नाही आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही.

आता द्रुतगती मार्गावरचा नेहमीचा प्रसंग घ्या. रिक्षाचा आरसा घासला, रिक्षावाला बोनेटवर थाप मारून शिव्या देतोय, तुम्ही काच वर करून आत बसलात. इथे पिस्तूल दाखवलंत तर गुन्हेगार तुम्हीच ठरू शकता: कलम 351, जिवे मारण्याची धमकी, 7 वर्षांपर्यंत कैद. परवानाही रद्द होऊ शकतो. तोच माणूस लोखंडी सळई घेऊन काच फोडून अंगावर आला, तर गोष्ट वेगळी. तरी ‘रास्त भीती’ होती का, हे शेवटी कोर्टच पाहतं.

अशा वेळी दारं लॉक करा, 112 लावा. आणि तो मेसेज पुढे पाठवला असेल, तर तिथेच हा खुलासा टाका, आणखी फॉरवर्ड करू नका.