आर्लबर्गची लेकरं आणि बीडचा कोयता

स्कीइंगचा आणि बीड जिल्ह्याचा काय संबंध, असं कोणीही विचारेल. पण ऑस्ट्रियातल्या आर्लबर्ग खिंडीबद्दल वाचत गेलो आणि केज-धारूरची गावं डोळ्यांपुढून हलेनात.

आज तिथे जगभरचे पैसेवाले सुट्टीला जातात. सव्वाशे वर्षांपूर्वी त्या डोंगरांत शेती पोटाला पुरत नव्हती. खिंडीच्या दोन बाजूंच्या टिरोल आणि फोरार्लबर्ग प्रांतांमधली सात-आठ वर्षांपासूनची लेकरं मार्चमध्ये, खिंडीत बर्फ असतानाच, पायी निघायची आणि डोंगर ओलांडून जर्मनीतल्या श्वाबियात जायची. रावेन्सबुर्गला त्यांचा बाजार भरायचा, हो, लेकरांचा! शेतकरी पोरगं निवडून घेऊन जायचा आणि नोव्हेंबरपर्यंत गुरं राखून घ्यायचा. मोबदला म्हणजे थोडी रोकड आणि दोन जोड कपडे. आपल्याकडे दिवाळी आटोपली की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊस तोडायला कोयते घेऊन ट्रॅक्टरमध्ये बसतात. लेकरं सोबत, शाळा अर्ध्यावर.

त्यात 1884 मध्ये आर्लबर्गचा रेल्वे बोगदा झाला. खिंडीतून चालणारी घोडागाड्यांची वाहतूक बसली आणि स्टुबेनसारख्या वाटेवरच्या गावांचा होता नव्हता तो धंदा गेला. (बायपास झालेल्या गावातल्या हॉटेलवाल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.)

याच स्टुबेनमध्ये 1890 साली हान्नेस श्नायडर जन्मला. ब्रेगेंझच्या व्हिक्टर झोमने या पोराला स्कीइंग शिकवलं. पुढे शर्यतीही त्याने जिंकल्या, पण माझ्या लेखी तो मोठा आहे मास्तर म्हणून. तोवर लोक बऱ्यापैकी ताठ उभं राहून घसरत. श्नायडरने गुडघे वाकवून, अंग खाली घेऊन, वजन पुढे टाकून वळायची पद्धत बसवली. तीव्र उतारावरही वेग ताब्यात राहू लागला. त्याहून मोठं काम म्हणजे त्याने या कौशल्याचे वर्ग पाडले. आधी दोन्ही स्कींची, म्हणजे पायांतल्या लांब पट्ट्यांची, टोकं जवळ आणून थांबायला शिकायचं, मग वळायला, मग वेगात वळायला. एक जमल्याशिवाय पुढच्या वर्गात घेणार नाही, पाहुणा कितीही मोठा असो. शिकवणारे सगळे एकाच पद्धतीने शिकवणार. त्यामुळे गावातली पोरं त्याच्या हाताखाली मास्तर होऊ शकली. 1930 मध्ये ही पद्धत शिकवायला त्याला जपानने बोलावलं.

पण नुसता मास्तर असून भागत नाही. 1907 मध्ये, श्नायडर जेमतेम सतरा वर्षांचा असताना, खिंडीपलीकडच्या सेंट अँटन गावातल्या हॉटेल पोस्टचा मालक कार्ल शूलर याने त्याला पाहुण्यांना शिकवायला ठेवून घेतलं. हिवाळ्यात पाहुणे टिकतील याची काही खात्री नसताना! तिसरा माणूस रुडॉल्फ गोम्पेर्त्स, व्हिएन्नाचा इंजिनिअर, तिथे येऊन राहिलेला. स्की क्लबचा कारभार, स्पर्धांची व्यवस्था, गावाची प्रसिद्धी, म्हणजे टाळ्या न मिळणारी सगळी कामं त्याने अंगावर घेतली. गाव हिवाळ्यात कमवायला लागलं.

1938 मध्ये नाझी आले. श्नायडर त्यांच्या विरोधातला, त्यामुळे लगेच अटक झाली. हार्वे गिब्सन या अमेरिकन बँकरने वजन वापरून त्याला सोडवलं आणि 1939 मध्ये आपल्या न्यू हॅम्पशायरमधल्या नॉर्थ कॉनवे गावी नेलं. तिथेही तो शेवटपर्यंत स्कीइंगच शिकवत राहिला. गोम्पेर्त्स ज्यू वंशाचा. त्याला कोणी गिब्सन भेटला नाही. आधी सेंट अँटन सोडायला लावलं आणि 1942 मध्ये मिन्स्कजवळच्या माली त्रोस्तिनेत्सला नेऊन मारलं. श्नायडरचं नाव स्कीइंगवाल्या जगाला पाठ आहे. याचं किती जणांना माहीत असेल?

आता आपल्याकडे या. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. आई-वडील वीटभट्टीवर राबणारे. पोरगं महार रेजिमेंटमध्ये गेलं, सियाचीनच्या बर्फात ड्युटी केली, आणि धावपटू म्हणून घडलं ते फौजेत. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीची, अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष. आपण मिरवणूक काढली, काढायलाच पाहिजे. पण त्याला घडवण्यात आपला वाटा किती? अंगात रग असलेली पोरं आपल्याकडे गावोगाव आहेत. भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळताना दिसतातच की.

धाराशिवच्या खो-खोचं मात्र वेगळं आहे. सारिका काळे तिथल्याच मैदानावर, चंद्रजित जाधव सरांच्या हाताखाली तयार झाली, भारताची कर्णधार झाली, 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. म्हणजे मास्तर आपल्याकडे होतो, टिकतो, पोरं घडवतो.

कोणी म्हणेल, त्यांच्याकडे बर्फ होता, आपल्याकडे काय आहे? अहो, तो बर्फ लेकरं बाजारात उभी राहायची तेव्हाही होताच. आणि पर्यटनाने तिथे सगळं गोड झालं असंही नाही, जमिनीचे भाव आज तिथल्याच पोरांना परवडत नाहीत. पण ती लेकरं आता घरी असतात, हे मला पुरेसं वाटतं.

आपल्याला शूलर सापडत नाही, हे माझं दुखणं आहे. पैसा नाही असं नाही. मोंढ्यात आहे, कारखान्यात आहे, पेट्रोल पंपावर आहे. जेसीबीतून फुलं उधळायला तर आहेच आहे. यातल्या एकाने जरी कुठल्याही खेळाच्या एका मास्तराचा पाच वर्षांचा पगार उचलला, तर त्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवर शुभेच्छुक म्हणून माझा फोटो लावायला माझी काही हरकत नाही. फोटो मीच पाठवतो.