ल्यूटवाले कागद बघून वाजवायचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्याच्या वादकांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे. म्हणून नुसते आभार मानून मोकळं होण्याऐवजी सविस्तर लिहिते. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर असं: ल्यूटवाले समोर कागद ठेवून वाजवणारे, उपज (आयत्या वेळी सुचेल ते वाजवणं) हा प्रकार त्यांच्याकडे नव्हताच, तेव्हा त्यांना आपल्या सतारियांच्या आणि बीनकारांच्या पंगतीला बसवू नये. इंग्लंडचा ल्यूटवादक जॉन डाऊलंड हा रडका माणूस आणि मी त्याच्या रडण्यालाच कला म्हणते. शिवाय ल्यूट हे मुळात पुळचट वाद्य, हार्पसिकॉर्ड या कळफलकाच्या वाद्यापुढे त्याचा निभाव लागला नाही, मग त्याचं एवढं कौतुक कशाला?

आधी कागदाचं बघू, कारण खरा वाद तिथेच आहे.

पंधराव्या शतकात इटलीत फेर्राराच्या दरबारी पिएत्रोबोनो नावाचा ल्यूटवादक होता. हयातीतच त्याच्या नावाची पदकं ओतली गेली, कवींनी त्याच्यावर कवनं रचली. तेव्हा ल्यूट पिसाच्या नखीने छेडत. जोडीला एक साथीदार असे, तो मूळ चालीचा संथ स्वरभाग धरून ठेवी आणि त्यावर पिएत्रोबोनो आपली करामत दाखवी. १४९७ मध्ये तो वारला. त्याने वाजवलेला एकही स्वर आज कागदावर सापडत नाही. त्या शतकातला सगळ्यात नावाजलेला ल्यूटिया आणि मागे एक ओळ नाही! कागद बघून वाजवणाऱ्याच्या बाबतीत असं झालं असतं का?

कागद आला तो नंतर, आणि तोही कसा ते बघा. १५०७ साली व्हेनिसमध्ये पेत्रुच्ची या मुद्रकाने स्पिनाचिनो या वादकाचं पुस्तक छापलं, ल्यूटसाठी छापलेलं हे पहिलं पुस्तक. त्यात आपण एरवी बघतो तशी पाश्चात्त्य स्वरलिपी नाही. सहा आडव्या रेघा म्हणजे ल्यूटच्या तारांचे सहा संच (बहुतेक संचांत दोन-दोन तारा), आणि रेघेवरचा आकडा म्हणजे पडदा. शून्य म्हणजे मोकळी तार, एक म्हणजे पहिला पडदा, दोन म्हणजे दुसरा. आकड्याखाली टिंब असेल तर तो आघात बोटाने वरच्या दिशेने करायचा. म्हणजे कोणता स्वर लागतोय हे ती लिपी सांगतच नाही, बोट कुठे ठेवायचं तेवढं सांगते. ज्यांना स्वरलिपीवरून गाता येत नाही त्यांच्यासाठी वाचनाचे नियम पुस्तकाच्या सुरुवातीला दिलेत. त्यातले रिचेरकार नावाचे तुकडे ऐका. मध्येच एक धावती तान, मग दोनतीन भरदार स्वरसंघात (एकत्र वाजणारे अनेक स्वर), परत तान. वाद्य हातात घेतलेला माणूस बोटं मोकळी करत पुढची वाट शोधतोय, असं वाटतं. माझ्या मते ते तसंच आहे. आधी हात चालले, मग कुणीतरी ते टिपून ठेवलं.

याच काळातली आणखी एक वही तुम्हाला सतारिये म्हणून आवडेल. ब्रेशियाचा विन्चेन्झो कापिरोला, त्याची वही त्याच्या विदाल नावाच्या शिष्याने १५१७ च्या सुमारास लिहून काढली. ती आता शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. समासात हरणं, पक्षी, झाडं रंगवलेली आहेत. का, तेही विदाल सांगतो: ही वही संगीतातलं काही न कळणाऱ्याच्या हाती पडली तर निदान चित्रांसाठी तरी तो ती जपेल. यातल्या बऱ्याच चिजा गुरूने दुसऱ्या कुणाला दिलेल्या नाहीत, हेही नमूद करायला तो विसरत नाही. (घराण्याच्या बंदिशी पेटीत कुलपाखाली ठेवणारी मंडळी आठवली ना?) त्याच वहीत पडदे कसे बांधायचे याची सूचना आहे. ल्यूटचे पडदे तातीचे (जनावराच्या आतड्याच्या दोरीचे) असत, दांडीभोवती गाठ मारून बांधलेले. कापिरोलाचं सांगणं असं की पडदे तारेला जवळजवळ टेकतील इतके जवळ आणा, म्हणजे स्वर हार्पसारखा झणकारतो. जवारी काढणाऱ्या, म्हणजे सतारीच्या घोडीतून झणकार आणणाऱ्या कारागिराला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

मग इटलीचाच ल्यूटवादक फ्रान्चेस्को दा मिलानो. एकामागून एक तीन पोपच्या पदरी राहिलेला हा माणूस, लोक त्याला 'दैवी' म्हणत. मिलानमधल्या एका मेजवानीचं वर्णन पोंत्यू द त्यार या फ्रेंच लेखकाने १५५५ मध्ये छापलं, ते त्याला तिथे हजर असलेल्या माणसाकडून कळलं होतं. पानं उठल्यावर फ्रान्चेस्को ल्यूट घेतो, सूर तपासल्यासारख्या तारा छेडतो आणि टेबलाच्या टोकाशी बसून एक फांतासिया (मनमोकळी, सुचत जाईल तशी रचना) शोधू लागतो. दोनतीन आघात झाले नाहीत तोच बोलणी थांबतात. तारा बोटांखाली विझत नेत तो सगळ्यांना अशा गुंगीत नेतो की कान सोडून कुठलंही इंद्रिय शिल्लक उरू नये, आणि मग हळूहळू परत आणतो. वर्णन फुगवलेलं असेल, दरबारी लेखणी ती. पण त्यात कागदाचा मागमूस नाही, हे तुमच्याही लक्षात येईल. त्याच्या शंभरावर फांतासिया आणि रिचेरकार आज लिखित मिळतात. त्या बैठकांमधलं जेवढं हाती लागलं, तेवढंच.

आता डाऊलंड. लॅटिनमध्ये 'सदा डाऊलंड, सदा दुःखी' असं स्वतःच्या नावावर कोटी करणारा माणूस रडका वाटणारच. पण दुःख मिरवणं ही त्या काळच्या इंग्लंडमधली फॅशनच होती आणि डाऊलंडला बाजार कळत होता. १५९७ चं त्याचं गीतांचं पहिलं पुस्तक बघा. डाव्या पानावर मुख्य गायकाची ओळ आणि तिच्याखाली ल्यूटची लिपी. उजव्या पानावर बाकीचे तीन आवाज, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. एकच पुस्तक टेबलावर उघडं ठेवायचं आणि चारी बाजूंनी बसून गायचं. रडत बसलेल्या माणसाला असला हिशोब सुचत नाही. पुस्तक पुन्हा पुन्हा छापावं लागलं.

एलिझाबेथ राणीच्या दरबारातली जागा त्याला १५९४ मध्ये मिळाली नाही, ही सल खरी होती. तो कॅथलिक झाल्यामुळे ती नाकारली गेली असं त्याला वाटे. पुढे डेन्मार्कच्या राजाने त्याला वर्षाला ५०० डालर देऊन ठेवून घेतलं, आणि मायदेशी दरबारी नेमणूक झाली ती थेट १६१२ मध्ये. आणि त्याच्या १६०४ च्या 'अश्रू' नावाच्या ज्या संग्रहावर तुमचा राग आहे, त्यात एकूण २१ रचना आहेत. अश्रूंच्या पाव्हान, म्हणजे संथ नाचाच्या चाली, सात. बाकीच्यांत नऊ गॅलियार्ड, म्हणजे उड्या मारत नाचायच्या चाली, त्यातली एक तर कॅप्टन पायपर नावाच्या समुद्री चाच्याच्या नावाची!

राहता राहिला हरण्याचा मुद्दा. हार्पसिकॉर्डने ल्यूटला हरवलं म्हणता, पण सतराव्या शतकात पॅरिसचे हार्पसिकॉर्डवाले ल्यूटवाल्यांचीच नक्कल करत होते. स्वरसंघात एकदम न वाजवता एकेक स्वर मागेपुढे सोडायचा, ही ल्यूटची लकब त्यांनी उचलली. १६५२ मध्ये ब्लांक्रोशे हा पॅरिसचा ल्यूटवादक जिन्यावरून पडून मेला. त्याच्या स्मरणार्थ फ्रोबर्गर या जर्मन संगीतकाराने जी रचना केली ती हार्पसिकॉर्डसाठी, पण चाल पूर्ण ल्यूटची. शेवटी स्वर एकेक पायरी उतरत थेट तळाला जातात. ही दाद की थट्टा, मला अजून ठरवता येत नाही.

ल्यूट मागे पडलं याला माझ्या मते कारण वाद्याचा वाढत गेलेला पसारा. फ्रान्चेस्कोच्या वेळी सहा संच होते, अठराव्या शतकात तेरा झाले, म्हणजे तातीच्या चोवीस तारा. हवा दमट झाली की सगळं बिघडलं. इंग्लंडचा थॉमस मेस १६७६ मध्ये सल्ला देतो की दिवसा ल्यूट बिछान्यात, पांघरुणाखाली ठेवा, फक्त कुणी अंग टाकणार नाही एवढं बघा, कारण तशी मोडलेली वाद्यं त्याने पाहिली होती. ऐंशी वर्षं जगलेल्या ल्यूटवादकाची साठ वर्षं सूर लावण्यात जातात, हा टोमणा योहान माथेसन या जर्मन संगीतलेखकाने १७१३ मध्ये मारला. तो बारोन नावाच्या ल्यूटवादकाला इतका झोंबला की १७२७ मध्ये त्याने ल्यूटच्या बाजूने अख्खं पुस्तक लिहिलं. त्या मानाने माझं हे उत्तर आटोपशीर आहे! हौशी लोकांना मात्र हा व्याप परवडेना आणि ते कळफलकाच्या वाद्यांकडे वळले. उस्ताद लोक तोवर जोरात होते. ड्रेस्डेनच्या दरबारात सिल्वियस लिओपोल्ड वाइस हा ल्यूटवादक सर्वाधिक पगार घेणाऱ्या वादकांत होता. १७२२ मध्ये एका व्हायोलिनवाल्याने त्याच्या उजव्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला, कशावरून ते देव जाणे, पण पुळचट वाद्याच्या वादकावर कुणी एवढं जळत नाही. १७३९ मध्ये वाइस लाइप्झिगला संगीतकार बाखच्या घरी गेला होता. पुढच्या पिढीत सांगितलं जाई की दोघं फांतासिया आणि फ्यूग (एकच चाल एकामागून एक आवाजांत येणारी बांधीव रचना) यांत एकमेकांशी चढाओढ करत. आणि वाइसच्या एका ल्यूटरचनेवर बाखने व्हायोलिन-हार्पसिकॉर्डसाठी काम केलं, हे तर कागदोपत्री आहे.

ऐकायला काय घ्यावं, असं तुम्ही शेवटी जरा खोचकपणेच विचारलंय. डाऊलंडसाठी पॉल ओडेट घ्या, वाइससाठी रॉबर्ट बार्टो. पण सुरुवात वाइसच्या सी मायनर फांतासियापासून करा. हस्तलिखितावर प्राग, १७१९ असं लिहिलंय. पहिल्या भागात मात्रांचे उभे दंड नाहीत, लय वादकावर सोपवलेली. दुसरा भाग फ्यूगसारखा बांधीव. जेमतेम तीनचार मिनिटांची रचना. पहिल्या भागात तुम्हाला उपज दिसली नाही, तर मिनिट-सेकंदासकट लिहा, मी तिथून पुढे भांडायला तयार आहे.